पायडलं लांब असतात

मामांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. मी सालवडला भाड्याची खोली शोधत हिंडत होतो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नुकतीच सुपरवायझरची नोकरी लागली होती आणि अंगात नव्या नोकरीची मस्ती होती. एका घराच्या ओटीवर एक उंच, हाडकुळा माणूस खुर्ची उलटी करून तिच्या पायांशी खटपट करत बसला होता. मी खोलीचं विचारलं. त्याने माझ्या कमरेपासून चपलांपर्यंत सावकाश नजर फिरवली आणि आत बायकोला हाक मारून सांगितलं, "याला ती लाकडी खुर्ची देऊ नको गो. याला ती उंच हाय."

मग आतून एक पाट आला. मला दुसऱ्या खुर्चीत बसवून तो पाट माझ्या लोंबकळत्या पायांखाली सरकवला गेला. माझ्या टाचा टेकल्या याची खात्री झाल्यावर त्या गृहस्थांनी मान वर केली आणि म्हणाले, "हां. आता बोल." गाव कोणतं, आडनाव काय, मासे चालतात का, हे इतर घरमालकांनी विचारलेले प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. टाचा टेकल्या एवढ्या भांडवलावर मला खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर हेच गृहस्थ आमच्या मेन्टेनन्स खात्याचे फोरमन निघाले. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणू लागलो.

आता माझ्या उंचीविषयी सांगणं भाग आहे. ग्रुप फोटो काढताना फोटोग्राफर मला नेहमी पुढे बोलावतो आणि नंतर माझ्यापुढे ठेवलेली फुलदाणी हलवायला विसरतो, यावरून काय ते समजून घ्यावं. त्यातही कमरेच्या वरचा भाग देवाने बरा दिला होता. बसलेला असलो तर मी कोणाच्याही बरोबरीचा वाटतो. उभा राहिलो की समोरच्याचा विश्वास उडतो.

असं असूनही, किंवा असं असल्यामुळेच, मला पायलट व्हायचं होतं. शिक्षण संपताना मी हवाई दलाच्या निवडीला गेलो. लेखी परीक्षा पास झालो, मुलाखतीत बरं बोललो. मग एका खोलीत त्यांनी मला भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसवलं, पाय लांब करायला सांगितले आणि मोजपट्टी लावली. मोजणाऱ्याने पुन्हा एकदा मोजलं. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "बेटा, पैर कम हैं।"

ही हकीकत मी पुढे इतक्यांदा सांगितली की दर खेपेला माझे लेखी परीक्षेतले मार्क थोडे थोडे वाढत गेले. ऐकणारा हळहळायचा, "अरेरे, नुसत्या पायांमुळे!" आणि मी देशाचं नुकसान मनावर घेतल्यासारखा खाली बघायचो. खरं सांगायचं तर त्या दुःखावर माझं फार छान चाललं होतं. शिफ्टला उशीर झाला, प्रमोशन हुकलं, मेसवाल्याने भाजीत पाणी घातलं, काहीही झालं तरी मनात यायचं की आपण मुळात इथले नव्हेच, आपण वरचे होतो.

मामांना ही गोष्ट सांगितली त्या संध्याकाळी मामी अंगणात सुकट निवडत होती. मी सवयीप्रमाणे खाली बघून हळहळीची वाट पाहत बसलो. मामा हळहळले नाहीत. ते रागावले.

"पाय आखूड नसतात, बाला," ते म्हणाले. "पायडलं लांब असतात."

हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं आणि त्याला कारणही होतं. मामा म्हणजे किनाऱ्यावरच्या नवापूरच्या तांडेलाचं पोर. तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा मुख्य, सुकाणू ज्याच्या हाती असतं तो. गावातली सगळ्यात मोठी होडी वडिलांची असताना हा मुलगा गाव सोडून हवाई दलात भरती झाला आणि तिथे त्याने उभी नोकरी विमानं दुरुस्त करण्यात घालवली. त्यातही त्यांचं खास काम म्हणजे वैमानिकाला बसवणं. लहान विमानात पायाशी दोन पायडलं असतात. त्यांच्या तारा मागे शेपटीतल्या सुकाणूपर्यंत जातात. डावं दाबलं की विमानाचं नाक डावीकडे वळतं, उजवं दाबलं की उजवीकडे. पायडल तळापर्यंत दाबताना वैमानिकाची कंबर उचलली गेली, टाच सुटली, तर काम बिघडतं. म्हणून प्रत्येकाच्या पायाप्रमाणे सीट आणि पायडल जुळवावं लागतं. मामांच्या हाताखालून किती वैमानिक बसून उडून गेले त्याला गणती नव्हती.

"आणि तुम्ही? तुम्ही कधी बसलात?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या फिटिंगमदी आपण बसायचं नाय," मामा म्हणाले. हा हवाई दलाचाच नियम असावा अशा थाटात म्हणाले, आणि मीही तो तसाच समजलो.

नोकरी संपवून गावाकडे आल्यावर विमानं राहिली नाहीत, पण बसणारी माणसं होतीच. मामांनी सगळं बोईसर बसवायला घेतलं. बाजारातल्या न्हाव्याच्या खुर्चीखाली त्यांनी फळी ठोकली. कारखान्यातल्या क्रेनवाल्याची सीट पुढे घेतली. शिफ्टच्या बसचा ड्रायव्हर उत्तर प्रदेशचा होता आणि कंबरदुखीने बेजार होता. मामांनी त्याच्या सीटखाली एक तिरकी फळी बसवली आणि क्लचवर लाकडाचा तुकडा जोडला. कमरेचं दुखणं थांबलं तेव्हा तो म्हणाला, मामा नहीं, देवता हैं. मामांनी ते नाकारलं नाही. नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हता. माझं फिटिंग चुकत नाय, हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत.

आमचे मॅनेजर रजेवर गेले असताना मामांनी त्यांच्या फिरत्या खुर्चीचा दांडा कापून ती बुटकी केली. मॅनेजर परत आले आणि बसले, तर टेबल त्यांच्या छातीशी आलं. समोर येणारा प्रत्येक जण आता त्यांच्याकडे खाली बघून बोलू लागला. ते संतापले, मामांना मेमो द्यायची भाषा झाली. पण चारच दिवसांत त्यांचं मानेचं जुनं दुखणं थांबलं, आणि मग त्यांना धड रागावताही येईना. निवृत्त होईपर्यंत ते त्याच खुर्चीत बसले आणि सह्या करताना शाळेतल्या मुलासारखे दिसत राहिले.

मामांची मोजायची पद्धतही त्यांची स्वतःची होती. मामीच्या डब्यातली रांगोळी घ्यायची आणि खुर्चीपुढच्या जमिनीवर पसरायची. मग माणसाला अनवाणी बसवून डोळे मिटायला लावायचं आणि गप्पा मारायच्या. पाच-दहा मिनिटांत माणूस सैलावतो, पाय आपोआप हवे तिथे जातात. मग त्याला उचलायचं आणि रांगोळीत उमटलेल्या टाचा बघायच्या. "हितं पायडल यायला पायजे," मामा सांगायचे. पायाने जायचं नाही, पायडलाने यायचं. दिवाळीत आमच्या ओटीवर लक्ष्मीची पावलं असायची आणि शेजारी शिफ्टच्या ड्रायव्हरची.

एका बाबतीत मात्र मामांचं मला नवल वाटायचं. नारळी पौर्णिमेला आम्ही सगळे नवापूरला जायचो. होड्या सजलेल्या असायच्या, बायका नटून किनाऱ्यावर, नारळ सोडून झाला की घरचे सगळे होडीतून एक फेरी मारायचे. मीसुद्धा, घाटावरचा माणूस, एकदा गेलो होतो. मामा जायचे नाहीत. पँट दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहायचे. त्यांचा चुलतभाऊ दर वर्षी हाक मारायचा, "ये ना रे भावा." आणि मामा दर वर्षी उत्तर द्यायचे की तुज्या होडीची फळी मला जवळ पडते, गुडगे दुखतात. सगळे हसायचे. मीही हसायचो. बसण्याचं इतकं वेड बरं नव्हे असं मला वाटायचं.

माझ्या लग्नाची गोष्ट याच वेडात बसते. पालघरची मुलगी सांगून आली होती. माझ्या घरचे लांब, म्हणून पाहायला मामा आणि मामी आले. मुलीच्या वडिलांनी नवा सोफा घेतला होता, खोल आणि उंच. मी त्यात बसलो आणि माझे दोन्ही पाय जमिनीपासून सुटून समोर आले. मी शक्य तेवढा पुढे सरकून पायांच्या बोटांनी जमीन शोधत होतो. तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली.

मी मान वर करून, मार्क वाढवलेली हवाई दलाची हकीकत सुरू करणार, एवढ्यात मामा उठले. मुलीच्या आईला म्हणाले, "ताई, देवघरातला पाट हाय का रिकामा?" कोणाला काही कळेना. पाट आला. मामांनी मुलीच्या आईबापांसमोर, काकांसमोर, शेजारच्या दोन बायकांसमोर तो पाट माझ्या पायांखाली सरकवला, टाचा दाबून बघितल्या आणि म्हणाले, "हां. आता बोल."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. पण धरणी तर आता पाटाएवढी आणखी खाली गेली होती. तेवढ्यात मुलगी हसली. पदर तोंडाला लावून नाही, सरळ हसली. पोह्यांची बशी हिंदकळली. नंतर तिने घरी सांगितलं की ज्या माणसाबरोबर त्याचे पाय सांभाळणारं कोणीतरी येतं तो माणूस बरा असणार. तिच्या या निष्कर्षाला फारसा आधार नव्हता, पण मी तो खोडून काढायला गेलो नाही. लग्न झालं. ती सालवडला माझ्या खोलीत आली आणि मामांनी तिच्या ओट्याची उंची बदलली.

आणि मग विमान आलं.

आमच्या कारखान्याच्या शेठचा धाकटा भाऊ हौशी वैमानिक होता. त्याने दोन माणसांचं एक लहान विमान घेतलं. बोईसरच्या बाजूला ते उडवायचा प्रश्नच नव्हता, कारण तारापूरला अणुवीज केंद्र. त्या दिशेला तोंड करून पतंग उडवला तरी कोणी चौकशीला येईल असं आम्ही गमतीने म्हणायचो. पण पालघरच्या पूर्वेला, मनोरच्या वाटेवर शेठची गवताची माळरानं होती. तिथलं गवत कापून गंज्या रचल्या की हिवाळ्यात मोकळी सपाट पट्टी मिळायची. परवानग्या वगैरे धाकट्या शेठनी काढल्या होत्या आणि विमानाची देखभाल ओघाने मामांकडे आली.

मामांनी या धाकट्या शेठजवळ माझ्यासाठी शब्द टाकला. विमानाला दोन सीटं, शेजारी शेजारी, आणि दोन्हीकडे पायडलं. एका रविवारी शेठ मला शेजारी बसवून वर नेणार आणि वर गेल्यावर थोडा वेळ विमान माझ्या हातात देणार, असं ठरलं. कारखान्यात ही बातमी माझ्याआधी पोचली. कँटीनमध्ये लोक मला वाट करून देऊ लागले. मी चालताना मान जरा वर धरू लागलो आणि बायकोने एकदा विचारलं की मान अवघडली आहे का.

पहिल्या दिवशी नुसतं बसून बघितलं. शेठ ताडमाड माणूस. सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढली तरी माझे चवडे पायडलांपासून वीतभर दूर. पाठीमागे उशी दिली तर मी पुढे आलो आणि समोरचा, विमान चालवताना हातात धरायचा दांडा पोटात शिरला. खाली उशी दिली तर बाहेरचं दिसू लागलं, पण पाय आणखी वर गेले आणि पायडलं आणखी लांब. मी त्या सीटवर, उशांच्या मध्ये, मांडवात हरवलेल्या पोरासारखा बसलो होतो. पुन्हा तेच, बेटा, पैर कम हैं.

मामांना मात्र चढला होता हुरूप. त्यांनी सीट खोलली, रिक्षात घातली आणि सालवडला आणली. अंगणात रांगोळी पसरली. त्यावर सीट, सीटवर मी, डोळे मिटलेला. मामी आणि माझी बायको शेजारी बसून तांदूळ निवडत माझ्याशी बोलत होत्या, मी सैलावावा म्हणून. असे कितीतरी दिवस संध्याकाळी मी कामावरून यायचो आणि अंगणात विमान चालवायचो. येणारेजाणारे बघायचे. बायकोची मैत्रीण आली तिने घाबरून विचारलं की भाऊजींना काय झालंय.

शेवटी नवापूरच्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडून मामांनी सागवानाचे दोन ठोकळे करून आणले. पायडलावर घट्ट आवळून बसतील असे, आणि शेठला हवं तेव्हा काढता येतील असे. चवडा घसरू नये म्हणून त्यांवर जाळ्याची दोरी गुंडाळली. टाचेखाली उतरती फळी. पाठीला सावरीच्या कापसाची उशी, खाली पातळ, वर जाड, दांडा पोटाला लागणार नाही अशी. ते सगळं विमानात बसवलं त्या दिवशी मामांनी मला डोळे मिटून बसायला सांगितलं. मी बसलो, पाय सोडले, आणि पायडलं तिथे होती. मी डावं तळापर्यंत दाबलं, उजवं दाबलं. कंबर हलली नाही. शेठनी ठोकळे दोन्ही हातांनी ओढून बघितले आणि मान डोलावली. मामा बाजूला उभे राहून माझ्या टाचांकडे बघत होते. इतका खूश झालेला माणूस मी क्वचित पाहिलाय.

रविवार उजाडला. उपाशी पोटी उडू नये म्हणून मामीने तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी केली होती. मी भावी वैमानिकाला शोभेल असं जेवलो. बायकोने माझ्यासाठी मफलर विणला होता.

माळावर पोचलो. गवत कापणारे काही जण कामं सोडून गंजीच्या सावलीत येऊन बसले होते. मामांनी माझे पाय स्वतःच्या हाताने पायडलांवर ठेवले आणि पट्टा आवळला. विमान धावलं, खडखडलं आणि उठलं. गंज्या लहान झाल्या, सूर्या नदीची वळणं दिसली, रेल्वेची रेघ आणि तिच्या पलीकडे बोईसरच्या चिमण्या, आणि त्याच्याही पलीकडे चकाकणारा समुद्र. शेठनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि हात मांडीवर ठेवले. विमान माझ्याकडे आलं.

मी डावं पायडल दाबलं. नाक डावीकडे गेलं. मी उजवं दाबलं. ते निमूट उजवीकडे आलं. एवढं मोठं धूड माझ्या आखूड पायांचं ऐकत होतं. डोळे भरून आले, हे मी लपवत नाही. त्या क्षणी मी लोकांना सांगत आलो तो सगळा, वाढवलेल्या मार्कांसकट, खरा होतो.

मग उन्हाने तापलेल्या हवेचा एक हेलकावा आला. एक पंख खाली गेला आणि माझं पोट त्याच्याही खाली गेलं. मी दांड्याला मिठी मारली. शेठनी तो माझ्याकडून सोडवून घेतला आणि हसत हिंदीत म्हणाले, पहली बार सबको होता है, आणि मला बरं वाटावं म्हणून एक छानसं वळण घेतलं. मी डोळे गच्च मिटले. घाम फुटला, कानात घंटा वाजायला लागल्या, आणि देशाच्या आकाशाविषयी माझं एकच मत उरलं. मी म्हणालो, "शेठ, मला खाली न्या." मग मामीची चटणी बाहेर आली. नव्या मफलरात आली. खाली उतरेपर्यंत मी हेच करत होतो. पाय मात्र शेवटपर्यंत पायडलांवर नीट टेकलेले होते.

विमान थांबलं तसे मामा धावत आले. नेहमीप्रमाणे आधी पायांकडे बघतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग काही न विचारता मला धरून उतरवलं, एका गंजीच्या मागे नेलं आणि कॅनमधलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

"पाय पोचले?" त्यांनी हळूच विचारलं.

"पोचले, मामा. अगदी बरोबर पोचले."

"मग?"

"भ्यालो. पोट राहिलं नाही." आणि मी रडायला लागलो. भीतीने नव्हे. इतकी वर्षं जपलेलं माझं एकुलतं एक दुःख खोटं निघालं होतं. त्या मोजपट्टीवाल्याने मला आणि विमानाला, दोघांनाही वाचवलं होतं. पाय लांब असते तरी मी उडालो नसतो.

मामा गवतात बसले. हातातल्या कॅनचं झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला दर्या लागायचा."

मला आधी कळलंच नाही. तांडेलाच्या मुलाला दर्या लागतो, होडीत पाय ठेवला की ओकारी येते, ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लहानपणी बाप त्यांना तीनदा होडीवर घेऊन गेला आणि तिन्ही वेळा अर्ध्या वाटेतून परत आणावं लागलं. तांडेलाच्या घरात याहून मोठी लाज नाही. गावात कळतं तर पोराचं जगणं अवघड झालं असतं. तेव्हा बापाने गावभर सांगितलं की माझ्या होडीत फळी कमी हाय, याला बसायला जागा नाय. गावातली सगळ्यात मोठी होडी, आणि तिच्यात जागा नाही. लोक तांडेलाला हसले, कंजूस म्हणाले. बाप मरेपर्यंत तेच सांगत राहिला.

"गाव बापाला हसलं," मामा म्हणाले. "मला कोन हसला नाय."

तेवढ्यात शेठ आले. माझी पाठ थोपटून मामांना म्हणाले की चला, आता तुम्ही एक चक्कर मारा, इतकं सगळं तुम्ही बसवलंत. मामांनी विमानाकडे बघितलं. उघड्या दारातून ती सीट दिसत होती, ठोकळे, उशी, उतरती फळी.

"दुसऱ्याच्या फिटिंगमदी आपण बसत नाय, शेठ," ते म्हणाले. या खेपेला तो नियम कोणाचा होता ते मला समजलं.

सोमवारी कँटीन भरलं होतं. सगळे माझी वाट बघत होते आणि मी बायकोशी बोलून ठरवून आलो होतो की खरं ते सांगून टाकायचं, लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील. मी तोंड उघडायच्या आत मामा उठून उभे राहिले.

"माजं फिटिंग चुकलं," ते म्हणाले. "याचे पाय पोचले नायत."

चमचे थांबले. मामांचं फिटिंग चुकलं, हे वाक्य त्या कारखान्यात कोणी ऐकलं नव्हतं, आणि मामांच्या तोंडून ऐकू येईल असं कोणाच्या स्वप्नात नव्हतं. मी उठून जोरात सांगितलं की हे खोटं आहे, फिटिंग अचूक होतं, मीच भ्यालो आणि ओकलो. मग क्रेनवाला उठला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाला की साहेब, तुमचं मन मोठं आहे, म्हाताऱ्याची चूक तुम्ही अंगावर घेताय. मी शपथा घेतल्या. मफलर दाखवायचीही तयारी दाखवली. जितकं जास्त बोललो तितका जास्त थोर ठरलो.

मामांची मात्र पत गेली ती गेलीच. ज्या माणसाचं फिटिंग विमानात चुकतं त्याचं बसमध्ये तरी बरोबर कशावरून, असं लोक म्हणायला लागले. शिफ्टच्या ड्रायव्हरने तिरकी फळी काढून टाकली आणि आठवड्याने पुन्हा कंबर धरून चालायला लागला. न्हाव्याने खुर्ची बदलली. फक्त मॅनेजरने आपली बुटकी खुर्ची कोणाला हलवू दिली नाही.

त्या सोमवारी संध्याकाळीच मी घरी येऊन मामांवर चिडलो होतो. इतक्या वर्षांचं नाव एका वाक्यात का घालवलंत, असं ओरडून विचारलं. मामीही दारात येऊन उभी राहिली. मामा ओटीवर एक स्टूल उलटं करून बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"कच्च्या पोटाचा म्हणून नाव झालं की मानूस बाद होतो, बाला," ते म्हणाले. "फिटिंग काय, परत करता येतंय."

पण परत करायला नंतर फारसं कोणी आलं नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते सागवानी ठोकळे मामीने मला दिले. आमच्या जेवणाच्या टेबलाखाली असतात. मी बसलो की बायको बोलता बोलता पायाने ते माझ्याकडे सरकवते आणि माझ्या टाचा टेकतात. जुने सहकारी अधूनमधून घरी येतात. तुम्ही पायलट व्हायचे होतात ना, असं कोणीतरी काढतंच. मी सांगतो की नाही हो, मी भित्रा, एका चकरेत ओकलो. ते हसतात, टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे बघतात आणि म्हणतात, अजून म्हाताऱ्याला सांभाळून घेताय होय? पाय आखूड नसतात असं जन्मभर सांगत आलेल्या त्या माणसाने माझे पाय मात्र कायमचे आखूड करून ठेवले आहेत.